ड्वार्फ फोर्ट्रेस: चालू किल्ला न मोडता जगाचा इतिहास कसा वाचायचा, आणि त्यासाठी सेव्ह फोल्डर कसे ठेवायचे

ड्वार्फ फोर्ट्रेस हा कॉम्प्युटर गेम, त्यात आधी एक अख्खं जग आणि त्याचा इतिहास तयार होतो आणि मग तुम्ही त्यात ड्वार्फ म्हणजे बुटक्या लोकांचा किल्ला चालवता. एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्वार्फ फोर्ट्रेसचं स्टीमवर मिळणारं व्हर्जन, २५० वर्षं इतिहास असलेलं साधं जग, त्यात आठ वर्षं चालवलेला किल्ला, १२० च्या आसपास ड्वार्फ. जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर कारागिराने एक चित्र कोरलंय, त्यात एक ड्वार्फ आणि एक हायड्रा म्हणजे अनेक डोक्यांचा राक्षसी प्राणी आहे, आणि तो ड्वार्फ कोण होता हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंय. लेजेंड्स मोड या गेमच्या वाचनाच्या भागात जगाचा सगळा इतिहास वाचता येतो असं कळलं पण त्या जगासाठी तो पर्यायच मिळत नाही, कोणीतरी सांगितलं किल्ला रिटायर कर, म्हणजे त्याचा ताबा सोड, मग मिळेल, आणि आठ वर्षांचा किल्ला रिटायर करायला हात धजावत नाही. मग सेव्ह फोल्डरची कॉपी काढून काही जमेल का? हॉलमध्ये अशी वीस-पंचवीस चित्रं आहेत आणि ती किल्ला चालवता चालवता बघायची आहेत. आणि ऑटोसेव्ह हा बॅकअप धरायचा का?

जमतं. मी हा गेम २०१२ पासून खेळतोय, तेव्हा नुसती अक्षरं आणि चिन्हं असायची स्क्रीनवर, आणि माझा खेळण्याचा निम्मा वेळ इतिहास वाचण्यातच जातो, त्यामुळे या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर मधला पायऱ्यांचा भाग तेवढा वाचा.

आधी खरी अडचण काय आहे ते समजून घ्या. या गेममध्ये एका जगात एका वेळी एकच खेळ चालू राहू शकतो. किल्ला चालू असेल तर त्या जगावर किल्ल्याचा ताबा असतो, मग तुम्हाला त्याच जगात दुसरा किल्ला वसवता येत नाही, अ‍ॅडव्हेंचरर म्हणजे एकटा साहसी माणूस घेऊन फिरता येत नाही आणि लेजेंड्सही उघडता येत नाही. किल्ला सोडला की जग मोकळं होतं. हे सेव्ह फोल्डरमध्येही दिसतं, खेळ चालू असलेल्या जगाची मुख्य फाइल वर्ल्ड डॉट सॅव्ह असते आणि मोकळ्या जगाची वर्ल्ड डॉट डॅट. कुठलाही जुना बॅकअप सापडला आणि आत काय आहे आठवत नसेल तर मी आधी एवढंच बघतो, गेम उघडायच्या आत कळतं की यात किल्ला चालू आहे की जग मोकळं आहे.

म्हणजे तुमची अडचण लेजेंड्स कसं उघडायचं ही नाहीये. जग चालूही ठेवायचंय आणि मोकळंही हवंय, ही अडचण आहे. ती एका फोल्डरने सुटणार नाही, दोन लागणार. आपल्याकडे दफ्तरखान्यात जशी मूळ कागदाला हात लावू देत नाहीत, नक्कल काढून देतात आणि तुम्ही ती वाचत बसता, तसंच करायचं. मूळ जपायचं आणि नक्कल वाचायची.

पण नक्कल काढायच्या आधी एक गोष्ट करा, जी बहुतेक लोक करत नाहीत. भिंतीवरच्या त्या चित्रावर क्लिक करून वर्णन शेवटपर्यंत वाचा. वर्णनात चित्रात कोण कोण आहे, कोण कोणत्या पवित्र्यात आहे, कोणी कोरलं हे सगळं येतं, आणि चित्र खऱ्या घटनेवरचं असेल तर शेवटी हे चित्र अमुकने तमुकला मारल्याच्या घटनेचं आहे आणि ती अमक्या साली घडली असंही लिहिलेलं असतं. ते साल वहीत लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्या सालावर ठरतं. माझ्या एका किल्ल्यात अगदी असंच होतं, दारातून आत आल्या आल्या डावीकडच्या भिंतीवर एक ड्वार्फ बाई आणि एक ड्रॅगन, ती जमिनीवर पडलेली आणि तो तिच्यावर ओणवा, साल ८७. माझा किल्ला वसला त्याच्या दीडशे वर्षं आधीची गोष्ट. गावाबाहेर एखादी वीरगळ असते ना, खाली लढाई, वर स्वर्गातल्या अप्सरा आणि नाव मात्र कोणाला माहीत नाही, तसं रोज त्या बाईकडे बघून पुढे जायचो. इथे सोय ही की नाव आहे, साल आहे आणि तिचा जन्म कुठला, लग्न कोणाशी, मुलं किती, ड्रॅगनने आधी कोणती गावं जाळली हेही कुठेतरी लिहून ठेवलेलं आहे. मला या गेमचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे.

तर साल बघायचं कारण असं, की इतिहासाबद्दलचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. एक, किल्ला वसवायच्या आधीच्या काळातले, म्हणजे जग तयार होताना घडलेलं सगळं. ते आता बदलणार नाही. दुसरे, तुम्ही एम्बार्क केल्यानंतरचे, म्हणजे जागा निवडून किल्ला वसवल्यानंतरचे, म्हणजे किल्ल्यातल्या कलाकृती, हल्ले, शेजारच्या राज्यांच्या लढाया, तुम्ही धाडलेल्या तुकड्यांनी काय केलं वगैरे. ते रोज वाढतंय. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांसाठी एकदाच काढलेली नक्कल जन्मभर पुरते. दुसऱ्या प्रकारासाठी दर थोड्या दिवसांनी ताजी नक्कल काढावी लागते. हे न कळल्यामुळे लोक प्रत्येक चित्रासाठी नव्याने कॉपी काढत बसतात, डिस्क भरते, कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की चूक होते.

नवीन जग बनवणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा मार्ग यातूनच निघतो. जग तयार झालं, सेव्ह झालं, की एम्बार्क करायच्या आधी गेम बंद करा आणि त्या अख्ख्या फोल्डरची एक कॉपी बाजूला काढा. हे जग मोकळंच असतं, काहीही रिटायर करावं लागत नाही, थेट लेजेंड्स उघडतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी याला कोरी प्रत म्हणतो आणि ती कधीच खेळत नाही. किल्ल्यातली बहुतेक चित्रं जुन्याच घटनांची असतात, निदान पहिली काही वर्षं तरी, त्यामुळे माझं बरंचसं वाचन कोऱ्या प्रतीतच होतं.

तुम्ही मात्र आठ वर्षं पुढे आला आहात, कोरी प्रत काढलेली नाही, आणि आता मागे जाता येणार नाही. त्याच सीडने, म्हणजे जग ज्या आकड्यावरून तयार होतं त्याच आकड्याने, जग पुन्हा बनवून बघा असाही सल्ला मिळेल. मी त्यावर विसंबत नाही, डोंगर-नद्या त्याच आल्या तरी इतिहास हुबेहूब तोच येईल असं धरून चालू नये, आणि मध्ये गेमचं व्हर्जन बदललं असेल तर विषयच संपला. तुमच्यासाठी चालू सेव्हची नक्कल काढून ती रिटायर करणं हाच रस्ता. त्यात जुना इतिहास आणि तुमची आठ वर्षं दोन्ही असतील, म्हणजे एकाच नक्कलेत आजपर्यंतचं सगळं मिळेल.

आता पायऱ्या. क्रम महत्त्वाचा आहे, पुढेमागे करू नका.

किल्ल्यात असाल तर सेव्ह करून मुख्य मेन्यूवर या आणि मग गेम पूर्ण बंद करा. गेम चालू असताना फोल्डर कॉपी करू नका. सेव्ह फोल्डरांमध्ये करंट नावाचंही एक फोल्डर दिसेल, ते गेमचं स्वतःचं कामाचं फोल्डर आहे, त्याला हात लावायचा नाही आणि त्यालाच बॅकअप समजायचंही नाही.

मग सेव्ह फोल्डर शोधा. स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करून लोकल फाइल्स ब्राउज करा म्हटलं की गेमचं फोल्डर उघडतं, त्यात सेव्ह असतं. तिथे नसेल तर विंडोजच्या ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये बे १२ गेम्स नावाचं फोल्डर आहे का बघा, व्हर्जनप्रमाणे जागा बदललेली आहे. आत रीजन१, रीजन२ अशी नावं असतील, आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर ऑटोसेव्ह १, ऑटोसेव्ह २ अशीही.

तुमच्या किल्ल्याचं फोल्डर पूर्णच्या पूर्ण कॉपी करा, आतल्या निवडक फाइल्स नाही. या फोल्डरात शेकडो छोट्या फाइल्स असतात, युनिटच्या म्हणजे माणसा-प्राण्यांच्या वेगळ्या, साइटच्या म्हणजे गावं-किल्ल्यांच्या वेगळ्या, कोरीव चित्रांच्या वेगळ्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. कॉपी झाली की दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळतोय का बघा. मी हे दर वेळी बघतो, न चुकता.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. कॉपी जुळली की मूळ फोल्डर सेव्हमधून उचलून बाहेर ठेवा, डेस्कटॉपवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर. म्हणजे सेव्हमध्ये त्या जगाची फक्त नक्कल उरली पाहिजे, आणि त्या जगाचे ऑटोसेव्हही तात्पुरते बाहेर काढा. लोक उलटं करतात, मूळ आणि नक्कल दोन्ही तिथेच ठेवतात आणि मेन्यूतून योग्य ते निवडू म्हणतात. दोन्हींत जगाचं नाव तेच, किल्ल्याचं नाव तेच, साल तेच. रात्री साडेबाराला डोळे मिटत असताना माझ्याकडून नेमकं मूळच रिटायर झालं होतं. अकरा वर्षांचा किल्ला होता. बॅकअप होता पण दोन महिने जुना, म्हणून मी तो रिटायर झालेला किल्लाच परत ताब्यात घेतला, तर कोठारांतला माल इकडेतिकडे झालेला, कामांच्या नेमणुका पुन्हा लावाव्या लागल्या, आणि जो एक घट्ट बसलेला कारभार होता तो परत तसा कधी बसलाच नाही. किल्ला गेला नाही, पण माझं मन त्यातून उडालं. तेव्हापासून मूळ बाहेर काढल्याशिवाय मी रिटायरचं बटण दाबत नाही. बाहेर असलेल्या फोल्डरचं चुकून काही होऊच शकत नाही, यात नजरेवर आणि आठवणीवर भार राहत नाही.

मग गेम उघडा, नक्कल लोड करा, हाच तो किल्ला आहे ना बघा, आणि एस्केप दाबून रिटायर निवडा. तिथे अबॅन्डनचाही, म्हणजे किल्ला टाकून द्यायचा, पर्याय आहे. लेजेंड्स उघडण्यापुरतं दोन्ही चालतं, नक्कलच आहे, पण मी कायम रिटायरच करतो, कारण अबॅन्डन केलं की किल्ला ओसाड पडला अशी इतिहासात नोंद होते आणि नंतर वाचताना ती खोटी नोंद खुपते. रिटायरमध्ये लोक तिथेच राहतात, फक्त तुमचा हात काढला जातो. स्टीम व्हर्जन सेव्ह करताना त्याच फोल्डरवर लिहू की नवीन टाइमलाइन म्हणजे वेगळी प्रत करू असं विचारतं, नक्कलेच्या बाबतीत त्याच फोल्डरवर लिहा, उगाच तिसरी प्रत नको.

आता त्या जगात लेजेंड्स उघडेल. वर शोधायची जागा आहे, चित्रातल्या ड्वार्फच्या नावाचा एक तुकडा टाका, सापडेल. नवीन व्हर्जनमध्ये नावांवर क्लिक करून एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येतं, ड्वार्फवरून त्याच्या गावावर, गावावरून त्या गावावर झालेल्या हल्ल्यावर, हल्ल्यावरून हायड्रावर. जुन्या काळी हे नव्हतं, नुसत्या लांबलचक याद्या स्क्रोल करायला लागायच्या.

वाचून झालं की गेम बंद करा, नक्कल सेव्हमधून बाहेर आपल्या वाचनाच्या फोल्डरात ठेवा, मूळ आणि ऑटोसेव्ह परत जागेवर आणा. मूळ उघडून किल्ला नीट आहे ना हे एकदा बघा, मग झोपा.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: साल बघा, गेम बंद, पूर्ण फोल्डर कॉपी, आकार जुळवा, मूळ बाहेर, नक्कल रिटायर, लेजेंड्स, आणि शेवटी अदलाबदल.

एकच चित्र बघायचं असेल तर एवढ्यावर थांबा. पण तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये अशी वीस-पंचवीस चित्रं आहेत आणि किल्ला चालवता चालवता बघायची आहेत, तर दर वेळी ही अदलाबदल करणं शक्य नाही. त्यासाठी लेजेंड्समध्ये एक्सएमएल एक्सपोर्टची, म्हणजे सगळा इतिहास एका मजकूर फाइलमध्ये बाहेर काढायची सोय आहे. नक्कल उघडलेलीच आहे तर एकदाच एक्सपोर्ट करून ठेवा. फाइलच्या नावात रीजनचं नाव आणि तारीख येते, म्हणजे रीजन१, २५८, महिना, दिवस असं, त्यामुळे नंतर कोणत्या दिवसापर्यंतचा इतिहास आहे हे नावावरूनच कळतं. मोठ्या जगात एक्सपोर्टला वेळ लागतो आणि गेम अडकल्यासारखा दिसतो, तेव्हा बंद करू नका, चहा करून या.

ही फाइल नोटपॅडमध्ये किंवा ब्राउझरमध्ये थेट उघडायच्या फंदात पडू नका. शेकडो एमबीची होऊ शकते, आणि तिचं एन्कोडिंग जुनं सीपी ४३७ आहे त्यामुळे नावांमधली खुणांची अक्षरं भलतीच दिसतात. लेजेंड्स व्ह्यूअर नावाचं लोकांनी बनवलेलं मोफत टूल आहे, ते ही फाइल वाचून कुटुंबं, युद्धं, नकाशे सगळं जोडून दाखवतं. लेजेंड्स ब्राउझर नावाचंही एक आहे. यात फायदा असा की गेममध्ये मूळ किल्ला चालू, आणि बाजूच्या खिडकीत इतिहास. चित्र दिसलं की गेम पॉज करायचा, बाजूला नाव टाकायचं, वाचायचं, परत यायचं. मूळ सेव्हचा आणि या वाचनाचा काही संबंधच उरत नाही.

अजून बारकावे हवे असतील तर डीएफहॅक हे गेमला जोडायचं टूल घ्या, तेही मोफत आहे आणि स्टीमवर मिळतं. त्याच्या एक्सपोर्टमधून लेजेंड्स प्लस नावाची दुसरी एक्सएमएल मिळते जिच्यात गेम स्वतःहून न लिहिणारे तपशील असतात. दोन्ही फाइल्स एकाच फोल्डरात ठेवायच्या, व्ह्यूअर त्या एकत्र वाचतो. पण डीएफहॅकमध्येच ओपन-लेजेंड्स अशी एक कमांड आहे, किल्ला चालू असतानाच लेजेंड्स उघडणारी. ऐकायला अगदी तुम्हाला हवं तेच वाटेल. तिच्या स्वतःच्या माहितीतच बजावलंय की तिने लेजेंड्स उघडल्यावर चालू खेळ विस्कटतो, म्हणून आधी सेव्ह केल्याशिवाय ती वापरायची नाही. ज्यांना माहीत आहे की आता सेव्ह न करता बाहेर पडायचंय त्यांच्यासाठी ती ठीक, पण ऑटोसेव्ह चालू असलेल्या आठ वर्षांच्या किल्ल्यात मी ती वापरणार नाही आणि तुम्हालाही वापरा म्हणणार नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण माझी पद्धत सगळ्यांना जशीच्या तशी लागू होईल असं नाही. जगाचा आकार आणि इतिहासाची वर्षं यांवर सगळं वजन ठरतं. पॉकेट जग १७ बाय १७ चं असतं आणि लार्ज २५७ बाय २५७ चं, फरक किती आहे तुम्हीच बघा. छोट्या जगात दर महिन्याला नक्कल काढली तरी काही जाणवत नाही, लार्ज जगात हजार वर्षांचा इतिहास असेल तर एक्सपोर्टही जड आणि व्ह्यूअरला रॅमही भरपूर लागते, आठ जीबीच्या लॅपटॉपवर दमछाक होईल. तिथे गेमच्या आतलंच लेजेंड्स बरं. आणि फोल्डर झिप केलं की जागा खूप वाचेल अशी आशा ठेवू नका, गेम सेव्ह करतानाच फाइल्स दाबून लहान करतो. मी तरी झिप करतोच, शेकडो फाइल्सच्या जागी एक फाइल हलवायला सोपी पडते म्हणून.

इतिहासाची खोली काही प्रमाणात जग बनवतानाच ठरते. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये बिनमहत्त्वाच्या ऐतिहासिक व्यक्ती गाळायचा पर्याय असतो. तो चालू असेल तर जग हलकं होतं, पण ज्यांच्या नावावर फारसं काही घडलं नाही अशी माणसं इतिहासातून पुसली जातात, मग एखाद्याचा आजोबा शोधायला जावं तर वंशावळ तिथेच तुटते. ज्याला वाचायची आवड आहे त्याने तो बंदच ठेवावा. तिथेच सगळा इतिहास उघड करायचा की नाही असंही एक सेटिंग आहे, ते नाही केलं तर लेजेंड्समध्ये तुम्हाला खेळताना कळलेलंच तेवढं दिसतं. तुम्ही साधं जग बनवलंय म्हणता, तर तुम्हाला ही भानगड नसावी.

व्हर्जनचंही लक्षात ठेवा. जुन्या ०.४७ मधली सेव्ह स्टीमच्या ५० मध्ये उघडत नाही, आणि नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं मागच्या व्हर्जनमध्ये नेता येत नाही. म्हणून प्रत्येक बॅकअपच्या नावात मी व्हर्जन लिहितो. नाव साधं ठेवतो, जगाचं छोटं नाव, साल, व्हर्जन, आणि शेवटी कोरी, मूळ किंवा वाचन यातला एक शब्द, तेही रोमन लिपीत. फोल्डरला देवनागरी नावं द्यायचा मोह होतो पण हा गेम जुन्या अक्षरसंचावर उभा आहे, उगाच परीक्षा कशाला घ्या. मॉड्स म्हणजे लोकांनी बनवलेले गेममधले बदल वापरत असाल तर इन्स्टॉल्ड मॉड्सचं फोल्डरही बॅकअपसोबत ठेवा, नाहीतर वर्षभराने जग उघडायला जाल आणि त्याला हवा असलेला मॉडच मशीनवर नसेल.

ऑटोसेव्ह हा बॅकअप आहे का असंही विचारलंय. आहे, पण कशाचा ते बघा. सीझनप्रमाणे ऑटोसेव्ह ठेवला आणि तीन प्रती ठेवायला सांगितल्या तर तुमच्याकडे फार तर मागचं पाऊण वर्ष असतं, गेममधलं. इथलं वर्ष ३३६ दिवसांचं, २८ दिवसांचे बारा महिने. एखादी चूक दोन वर्षांपूर्वी झाली असेल तर ऑटोसेव्ह कामाचा नाही. मी सीझनचा ऑटोसेव्ह ठेवतो आणि शिवाय किल्ल्याच्या दर दोन वर्षांनी एक हाताने काढलेली प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. वाचनाची नक्कलही त्याच वेळी काढतो, म्हणजे एकदा गेम बंद केला की दोन्ही कामं होतात. या गेममध्ये सेव्ह फोल्डर सांभाळायची सवय फार जुनी आहे, २००६-०७ मधला बोटमर्डर्ड नावाचा प्रसिद्ध किल्ला तर एकाने एक वर्ष खेळायचं आणि सेव्ह पुढच्याला द्यायची अशाच पद्धतीने चालला होता.

अजून एक गोष्ट, जी तांत्रिक नाही पण माझ्या मते तितकीच महत्त्वाची आहे. नक्कल उघडली की सगळंच उघडं पडतं, तुमच्या स्वतःच्या किल्ल्यातल्या जिवंत लोकांचंही. हा गेम तुमच्यापासून काही गोष्टी मुद्दाम लपवतो. स्थलांतरितांच्या लोंढ्यात कधी एखादा व्हॅम्पायर खोट्या नावाने येतो, साध्या कोळ्याच्या किंवा सुताराच्या वेषात, आणि मग रात्री झोपेत एखादा ड्वार्फ रक्त शोषून मारलेला सापडतो. किल्ल्यात त्याला शोधणं ही एक मोठी गोष्ट असते, कोणी साक्ष देतं, कोणी भलत्याचं नाव घेतं, तुम्ही संशयितांना एकेकाला कोंडून बघता. लेजेंड्समध्ये मात्र सरळ लिहिलेलं असतं की अमक्याने देवळाची विटंबना केली, देवाने त्याला रक्त शोधत रात्री भटकायचा शाप दिला, त्याने तमकं नाव धारण केलं. मी एकदा माझ्या महापौराच्या घराण्याबद्दल कुतूहलाने वाचायला गेलो आणि दोन क्लिकमध्ये भलत्याच पानावर पोचलो. माझ्या हॉस्पिटलमधली मुख्य वैद्य, जिच्याकडे मी गेली चार वर्षं जखमी पाठवत होतो, तिचं हे दुसरं नाव होतं, आणि खाली मागच्या तीन शहरांमधल्या बळींची यादी. त्या क्षणी सुचेना काय करावं. कळलेलं न कळल्यासारखं करून खेळता येत नाही, आणि तिला सरळ कोंडलं असतं तर ती गोष्ट किल्ल्यात घडलीच नसती, माझ्या वाचनात घडली असती.

त्यामुळे आता माझा नियम आहे की किल्ल्यात आज जिवंत असलेल्या कोणाचंही पान उघडायचं नाही. मेलेल्यांचं, जुन्या राजांचं, राक्षसांचं, इतर गावांचं खुशाल वाचायचं. किल्ल्यातलं कोणी वारलं की मग त्याचं पान वाचायचं, आणि त्यात एक वेगळंच समाधान असतं, ज्याला तुम्ही सात वर्षं दगड फोडताना पाहिलं त्याचं बालपण एका जळालेल्या गावात गेलं होतं हे तेव्हा कळतं. प्रत्येकाने हाच नियम पाळावा असं नाही, काहींना व्हॅम्पायर लवकर सापडलेला आवडतो आणि तो त्यांचा खेळ आहे. पण आधी ठरवून मग उघडा, कारण लेजेंड्समध्ये दुवे फार जवळजवळ असतात.

तुमच्या हायड्राबद्दल, चित्राच्या वर्णनात साल असेल आणि ते किल्ला वसवण्याच्या आधीचं असेल तर एकदा काढलेली वाचनाची नक्कल त्या हॉलमधल्या जवळजवळ सगळ्या जुन्या चित्रांना पुरेल. साल तुमच्या आठ वर्षांतलं असेल तर तो ड्वार्फ तुमच्याच किल्ल्यातला असू शकतो, मग आधी किल्ल्यातल्या मृतांच्या यादीत नाव बघा, कदाचित नक्कल काढायचीही गरज पडणार नाही. आणि वर्णनात साल किंवा घटना काहीच नसेल, नुसता ड्वार्फ आणि नुसता हायड्रा असेल, तर नाव आहे का बघा, नावही नसेल तर ते कारागिराच्या मनातलं चित्र आहे, इतिहासात त्याची नोंद नसते. वर्णनाची शेवटची ओळ जशीच्या तशी इथे लिहा, म्हणजे यातलं कोणतं आहे ते लगेच सांगता येईल. तोपर्यंत रिटायरच्या बटणाला हात लावू नका.